नवव्या ढिगातली चिठ्ठी

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास ‘सेट’ या इंग्रजी शब्दाच्या नवव्या ढिगातून ताईने सहज म्हणून एक चिठ्ठी उपसली आणि समोर आईचं अक्षर आलं. यात दचकण्यासारखं खरं तर काही नव्हतं. आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या या कार्यालयात पावलोपावली सापडायच्या, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत ताईने त्या इतक्या हाताळल्या होत्या, की ते अक्षर आता कार्यालयाच्या भिंतींच्या रंगासारखं होऊन गेलं होतं, असूनही न दिसणारं. ती दचकली मजकुराने. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव दीपगृहांच्या इतिहासाचं होतं, पान दोनशे बारा, आणि वाक्य होतं जेवणाच्या टेबलाचं. द टेबल इज सेट फॉर थ्री अँड टू हॅव नॉट कम. तिघांची पानं घेतलेली आहेत आणि दोघं आलेली नाहीत. दीपगृहातली माणसं जेवत नसतील असं काही नाही, पण ताईने चिठ्ठी ढिगात परत ठेवली नाही. चौतीस वर्षं वाक्यं चाळलेल्या माणसाला परकं वाक्य वासावरून कळतं, आणि या वाक्याला घराचा वास होता.

इंग्रजीचा आपल्या भाषेतला मोठा कोश करायचं काम या इमारतीत ताईच्या जन्माच्याही आधी सुरू झालं होतं, आणि खंडामागून खंड काढत ते आता कुठे ‘एस’पर्यंत रखडत आलं होतं. कामाची रीत ठरलेली. कुठलाही अर्थ मनाने द्यायचा नाही. त्या अर्थाने तो शब्द छापील मजकुरात कुठे आला आहे, ते दाखवायचं. ती वाक्यं हुडकून द्यायला गावोगावचे हौशी लोक असत, त्यांना वाचक म्हणत. वाचक पुस्तक वाचणार, हातभर लांबीच्या कागदाच्या चार पट्ट्या करून प्रत्येकीवर एक शब्द, त्याचं वाक्य, पुस्तक, पान, तारीख लिहिणार आणि खाली उजव्या कोपऱ्यात सही करणार. सहीचा अर्थ एकच, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबा असे वाचक होते. सव्वीस वर्षांत त्यांनी अकरा हजारांच्या आसपास चिठ्ठ्या दिल्या होत्या, एक छदामही न घेता, आणि प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला बारीक टायपात वाचकांची जी यादी छापत, तीत त्यांचं नाव वरून चौथं असे.

‘सेट’वर ताई चौदा महिने बसली होती. लोकांना वाटतं, लांबलचक भारदस्त शब्द अवघड असतात. ते बिचारे गरीब. एक अर्थ, फार तर दोन, दुपारच्या चहाच्या आत हातावेगळे. खरा जीव काढतात ते हे टीचभर शब्द. सूर्य सेट होतो, सिमेंट सेट होतं, मोडलेलं हाड सेट करतात, घड्याळ सेट करतात, टेनिसचा सेट हरतात, नाटकाचा सेट उभा करतात आणि प्रयोग बंद पडला की मोडतात, परीक्षेचा पेपर सेट, सापळा सेट, एकमेकांना धरून राहणाऱ्या चार माणसांचं टोळकं तोही सेटच. लांब टेबलावर चिठ्ठ्यांचे ढीग लावत ती टोकापर्यंत जायची आणि तोवर पहिल्या ढिगाचे दोन ढीग करावेसे वाटायचे. या चौदा महिन्यांत तिला एक विचित्र सवय लागली होती. ढिगाढिगापाशी घरातलं काहीतरी आठवायचं. सिमेंटच्या ढिगापाशी गच्चीचं ओलं काम आठवलं, ज्यात तिने आठव्या वर्षी मुद्दाम पाय उमटवला होता. बाबा संतापले होते आणि आईने मात्र गवंड्याला तो बुजवू दिला नव्हता. केसांच्या ढिगापाशी आई आठवली, आयुष्यात एकदाच केस सेट करून फोटोला बसलेली, आणि फोटोत भुवया वर गेल्यामुळे कुणीतरी हाक मारल्यासारखी दिसणारी. हाडाच्या ढिगापाशी ती जरा जास्त रेंगाळली. बाबांचं उजवं मनगट जिन्यावरून पडून मोडलं होतं आणि डॉक्टरने ते वाकडं सेट केलं होतं. त्यांचं अक्षर आधीच कोंबडीचे पाय. त्यानंतर ते त्यांचं त्यांनाही लागेना. तेव्हा आई पुढे झाली. सातवी शिकलेली, पण अक्षर मोत्यासारखं. बाबा रविवारी वाचनालयात पुस्तकात शिसपेन्सिलीचा ठिपका देत, पुस्तक घरी आणत, आणि आठवडाभर हातातलं काम संपलं की आई ठिपके शोधून वाक्यं उतरवून काढी. पुढच्या रविवारी संध्याकाळी बाबा तो गठ्ठा पुढे ओढून ओळीने सह्या ठोकत.

ताई पुस्तकांच्या खोलीत गेली; ते वाचनालय बंद पडल्यावर तिथली ठिपके दिलेली पुस्तकं कोशाने इथेच आणून ठेवली होती. दीपगृहांचा इतिहास वरच्या फळीवर होता, धुळीने माखलेला, शिडी लावून काढावा लागला. पान दोनशे बारावर दिव्याच्या भिंगाची आकृती होती आणि खाली तिचं मोजमाप. या धंद्यातली माणसं एवढ्यावर हार मानत नाहीत. उतरवताना आकडे उलटसुलट होतात, म्हणून तिने दोनशे एकवीस पाहिलं, एकशे बावीस पाहिलं, एकशे बारा पाहिलं. मग शिडीच्या पायरीवरच बसून सगळं पुस्तक पहिल्यापासून चाळलं. बाबांचे ठिपके जागोजाग होते, अजून पुसट दिसत होते. वादळं होती, तेलाचे हिशेब होते, एका रखवालदाराचा कुत्रा होता. टेबल कुठेच नव्हतं. बारा वाजून गेले होते आणि तिला कळून चुकलं, की हे वाक्य कुठल्याही पुस्तकातलं नाही. हे आईचं आहे. आयुष्यभरात आईने स्वतःच्या मनाने रचलेलं, ताईला माहीत असलेलं एकमेव इंग्रजी वाक्य.

आणि त्याच क्षणी तिला स्टेशनमास्तर आठवले, कारण आठवणं भाग होतं. हेही एक वाचक, निवृत्त माणूस, ‘डी’च्या खंडाच्या वेळचे. एका अर्थाला तिसरं वाक्य मिळेना म्हणून त्यांनी ते स्वतःच तयार करून दिलं होतं, चांगल्या मनाने, कोशाला मदत म्हणून. ते पकडलं ताईनेच. तेव्हा ती तिशीत होती आणि चूक पकडण्याचा तिला अभिमान होता. नियम जुना आणि साधा होता: एक चिठ्ठी खोटी निघाली की वाचक बाद. मग त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या खोक्यांतून काढायच्या, यादीतलं नाव गाळायचं आणि पुढच्या खंडात तशी सूचना छापायची. स्टेशनमास्तर कार्यालयात आले होते, छत्री मांडीवर आडवी धरून बाकावर तासभर बसले होते. बाकीच्या चार हजार दोनशे बरोबर आहेत, एवढंच ते म्हणाले. ताई म्हणाली होती, की त्या बरोबर आहेत हे आता आम्ही कशावरून मानायचं. तिचं म्हणणं तेव्हाही चुकीचं नव्हतं आणि आत्ताही नव्हतं. एवढंच, की ती आज बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली होती.

चिठ्ठीवरची तारीख रविवारची होती. ताई तेव्हा अकरा वर्षांची. तिने तो रविवार आठवून पाहिला, त्या दिवशी काही विशेष झालं होतं का, कुणाचा वाढदिवस, काही भांडण. काहीच सापडलं नाही. तो इतर रविवारांसारखाच एक असणार, आणि इतर रविवार तर तिला तोंडपाठ होते. तिच्या आयुष्यातलं सोनं म्हणजे ते रविवार. सकाळी आठाला बाबांचं बोट धरून निघायचं. वाचनालयाच्या दारात गार दगडी पायऱ्या, आत लांब मेजं, हिरव्या टोपीचे दिवे आणि सारखा खोकणारा ग्रंथपाल, जो इतरांना बोलू देत नसे आणि स्वतः मात्र बाबांशी कुजबुजत तासन्‌तास गप्पा मारी. बाबा एक पान डावीकडून वाचत आणि ती त्यांच्या कोपराला लागून तेच पान उजवीकडून. शब्द तिला आधी दिसला तर ठिपका तिने द्यायचा. ‘दिसला का गं?’ असं बाबा ओठ न हलवता विचारत आणि ती मान हलवी, आणि पेन्सिल तिच्या हातात येई. जगात याहून मोठा मान असेल असं तिला तेव्हा वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही कधी वाटलं नाही. शाळा, कॉलेज, ही नोकरी, लग्नाचा राहून गेलेला विचार, सगळं त्या मेजावरून निघालेलं होतं. लोक तिला विचारायचे, कंटाळा येत नाही का हो या चिठ्ठ्यांचा, आणि ती हसायची, कारण प्रत्येक चिठ्ठीपाशी तिला बाबांच्या कोपराची ऊब लागायची.

एक वाजता येतो, असं बाबा निघताना सांगत. परतायला तीन वाजत, कधी चार. हे ताईला आज प्रथमच आठवलं असं नाही, पण प्रथमच नीट दिसलं. दार उघडल्यावर आई म्हणायची, ‘आलात? हात धुवा.’ ती कधी चिडली नाही, आदळआपट केली नाही, म्हणून त्या दोघांनी गृहीत धरलं होतं की तिला चालतं. टेबलावर तीन पानं घेतलेली असायची, पाण्याचे पेले झाकलेले. अन्न पुन्हा गरम करताना आई विचारायची, आज किती मिळाले, आणि ती बापलेक एकदम बोलायला लागायची. तू जेवलीस का, असं कुणी विचारल्याचं ताईला काही केल्या आठवेना. आठवलं ते भलतंच. आई पेले पुसता पुसता एकदा म्हणाली होती, ‘दोघं अजून आली नाहीत, हे इंग्रजीत कसं म्हणतात गं?’ आणि ताईने सांगितलं होतं, शाळेतल्या बाईंसारखं तोंड करून, आणि वर म्हणाली होती, ‘तुला काय करायचंय? तू फक्त बघून लिही.’ आई बरं म्हणाली होती.

म्हणजे ते कोशासाठी लिहिलेलंच नव्हतं. ताईला हे लख्ख कळलं आणि ती पुस्तक घेऊन शिडीवरून उतरली. आईने ते बाबांसाठी लिहिलं होतं. माणूस जिथे बघतो तिथे तिने निरोप ठेवला होता, त्या रविवारच्या गठ्ठ्यात, सहीला. बाबा वाचतील, थांबतील, वर बघतील. आणि बाबांनी सही केली होती. नेहमीची, वाकड्या मनगटाची, खाली लांब शेपूट असलेली.

मुख्य संपादक हा ताईच्याच हाताखाली तयार झालेला, चाळिशीही न गाठलेला माणूस. तिने चिठ्ठी आणि पुस्तक दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं आणि कुणाच्या अक्षरात आहे तेही सांगितलं. त्याने दोन्ही पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. बाबांच्या चिठ्ठ्या काढायच्या तर ‘एस’ची अर्धी खोकी पुन्हा लावावी लागणार, खंड दोन वर्षं लांबणार, वरचे लोक फाडून खाणार, हे सगळं तो न बोलताच ताईला ऐकू आलं. बोलला ते वेगळंच.

‘ताई, ही चिठ्ठी मी पाहिलेली नाही,’ तो म्हणाला. ‘तुम्हीही पाहिली नाहीत. एक कागद आहे. घरी घेऊन जा, आईची आठवण म्हणून ठेवा. बाबांचं वय काय आता?’

‘अठ्ठ्याऐंशी.’

‘मग,’ तो म्हणाला, आणि पुस्तक मिटून तिच्याकडे सरकवलं.

तो भल्या मनाने बोलत होता, हेच अवघड होतं. बसमध्ये खिडकीशी बसून ताई दिव्यांचे खांब मोजत राहिली. चिठ्ठी तिच्या पर्समध्ये होती, रीतसर वहीत नोंद करून बाहेर काढलेली, कारण नोंद न करता कागद न्यायची तिच्या हाताला सवयच नव्हती. ठेवून घेतली तर बाबांचं नाव यादीत वरून चौथं राहील. कुणाचं काही बिघडणार नाही. आईचं वाक्य मात्र कायमचं नाहीसं होईल, आणि या खेपेला ते तिनेच केलेलं असेल. आणि स्टेशनमास्तरांची मांडीवरची छत्री काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ताईला वाटलं, बाबांना न सांगता ठरवणं म्हणजे आईचं वाक्य पुन्हा एकदा त्यांच्या वाचनातून निसटू देणं.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, हातात भिंग, कानावर पेन्सिल. कोशाने वाचकांकडून चिठ्ठ्या घेणं बंद करून वीस वर्षं झाली होती, पण ते अजून ठिपके देत. माणसांची नावं त्यांच्या डोक्यातून एकेक करून गळून गेली होती. शेजाऱ्यांना ते रोज नव्याने भेटत, सख्ख्या भावाला जाऊन किती वर्षं झाली ते त्यांना सांगता येत नसे. पुस्तकं मात्र पानासकट शाबूत होती. ताईने पर्स ठेवली, चहा टाकला, दोन कप आणून स्टुलावर ठेवले आणि मग काही प्रस्तावना न करता चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी भिंग फिरवलं. आधी पुस्तकाचं नाव, मग पान, मग वाक्य, जुन्या सवयीच्या क्रमाने. ‘हे चुकलंय,’ ते म्हणाले. ‘दोनशे बारावर आकृती आहे. आणि असलं वाक्य त्या पुस्तकातच नाही.’

‘मी बघून आले, बाबा. नाहीये.’

‘सही तर माझी आहे.’

बाबांनी भिंग अक्षरांवरून पुन्हा सावकाश नेलं आणि मध्येच त्यांचा हात थांबला. अक्षर कुणाचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. ताईला वाटलं, आता म्हणतील की मला माहीत होतं. वाचलं होतं मी, पण काय बोलावं ते सुचलं नाही. तिला ते ऐकायचं होतं. तेवढ्यावर तिने नियम, खंड, स्टेशनमास्तर सगळ्यांवर पाणी सोडलं असतं आणि चिठ्ठी पुस्तकात दाबून ठेवली असती.

‘वाचली नसणार मी,’ बाबा म्हणाले. ‘वाचली असती तर सही केली नसती.’

मग त्यांनी विचारलं, नियम अजून तोच आहे का. ताई हो म्हणाली. मुख्य संपादक काय म्हणाला तेही तिने सांगितलं, आपलं मत न मिसळता, जसंच्या तसं. बाबांना हसू आलं, फार दिवसांनी. पोरगा चांगला आहे, ते म्हणाले, पण त्याला कोश करता येणार नाही. त्यांनी पेन मागितलं. पेन्सिल नको, पेन. चिठ्ठी उलटी करून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली. मनगट आता इतकं आखडलं होतं, की एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत होता. न तपासता सही केली. या वाचकाच्या सर्व चिठ्ठ्या बाद धराव्यात. खाली तारीख, आजची. ताई शेजारी बसून बघत होती. ती हात धरू शकली असती; दोन ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला, तेवढ्या वेळात काहीही करता आलं असतं. तिने फक्त कागद सरकू नये म्हणून कोपरा दाबून धरला. अकरा हजार चिठ्ठ्या, सव्वीस वर्षं, आणि तिला रडू येत होतं ते त्यासाठी नाही, हे तिला कळत होतं.

लिहून झाल्यावर बाबांनी चिठ्ठी पुन्हा सुलटी केली. या वेळी ना पुस्तकाचं नाव पाहिलं, ना पान. नुसतं वाक्य वाचलं, ओठ हलवत, एकदा आणि मग परत एकदा. बाहेर खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

‘टू म्हणतेय ती,’ ते म्हणाले. ‘एक मी. मला उशीर व्हायचा, मी वाचनालयात असायचो. दुसरं कोण गं?’

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. ते खरोखरच विचारत होते. भिंग हातात होतं, कपाळाला आठी होती, आणि ते शब्दाचा अर्थ लागत नसावा तसे तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. हिरव्या टोपीचे दिवे, खोकणारा ग्रंथपाल, डावीकडून ते आणि उजवीकडून ती; त्यांच्या रविवारात त्या मेजाशी ते एकटेच बसलेले होते.

‘मी, बाबा,’ ती म्हणाली. ‘मी तुमच्याबरोबर असायचे.’